दोन डायलिसिसमधला देवमासा

रविवार, ४ ऑक्टोबर

निघालो एकदाचे! बस सुटेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता. वन्सं खिडकीशी, मी आत, आणि आमचे हे खाली उभे राहून हात हलवताहेत – जसं काही आम्ही परत येणारच नाही. "फाईल घेतलीस? गोळ्या? पाणी मोजून पी हं—" बस वळेपर्यंत चालूच. शेवटी वन्संनी काच सरकवून सांगितलं, "जा रे आता घरी. तुझी बायको मी पळवून नेतेय."

नवी वही आहे, म्हणून जरा पहिल्यापासून लिहिते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. जन्म त्या ब्रेकवर गेला, त्यामुळे बसमध्येसुद्धा प्रत्येक वळणाला त्यांचा पाय खाली दाबला जातो आणि तोंडातून "हळू, हळू" निघतं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "मला शेजारी बसायला रोज नवा माणूस मिळतो, वर तो माझं ऐकतो. नवऱ्याने ऐकलं असतं?"

आणि ह्याच वन्सं मला त्यांची एक किडनी देणार आहेत.

लिहून बघितलं. अजूनही खोटंच वाटतं.

माझ्या दोन्ही निकामी झाल्याला वर्ष उलटून गेलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार – डायलिसिसचं मशीन. ह्यांची घ्यायची ठरली होती, पण ह्यांना साखर निघाली, पहिल्याच दिवशी बाद. त्या दिवशी हे स्वयंपाकघरात बेसिनकडे तोंड करून रडत होते, नळ सोडून, म्हणजे आवाज येऊ नये. वन्सं जेवायला आल्या होत्या. त्यांनी जेवण संपवलं, हात धुवायला गेल्या, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "उगाच पाणी कशाला घालवतोस? माझं रक्त कुठलं आहे ते बघा कुणीतरी." बस, एवढंच. त्यानंतर एकेक तपासणी अशा देत गेल्या, जशी त्यांची पोरं लायसन्सची परीक्षा देतात. सगळ्यांत पास! पोटाचा शेवटचा स्कॅन परवा शुक्रवारी झाला. रिपोर्ट आम्ही परत गेल्यावर. "नावापुरता हो, बाकी सगळं छानच आहे," असं तिथली मुलगी म्हणाली. तो चांगला आला की ऑपरेशनची तारीख.

वन्संची अट अशी, की त्याआधी देवमासा बघायचा. "नंतर मला काही दिवस गाडीलासुद्धा हात लावू देणार नाहीत. पोट कापून घ्यायच्या आधी एकदा काहीतरी मोठं बघू दे. जगातलं सगळ्यात मोठं जनावर बघते, मग काय कापायचं ते कापा म्हणावं."

आणखी एक अट आहे. आभार मानायचे नाहीत. "थँक्यू म्हणालीस तर देणार नाही. मला कसंतरी होतं." तोंडाला कुलूप! म्हणून इथे लिहिते – वन्संचे माझ्यावर फार फार उपकार आहेत. आत्ता शेजारी घोरताहेत, तोंड उघडं टाकून. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, त्यामुळे माणूस असा झोपला की माझी नजर जायची तिथेच जाते. खालची डावी दाढ भरायला झालीये.

सोमवार, ५ ऑक्टोबर

खोली वरच्या मजल्यावर. दोन कॉट, एक किटली, आणि खिडकीतून दोन छपरांच्या मध्ये रुमालाएवढा समुद्र. मालकीणबाई फारच प्रेमळ. चहा घेणार? कॉफी? सरबत? सूप तरी? सगळंच पातळ! मी नको नको म्हणतेय आणि तिला वाटतंय मी रुसलेय.

शनिवारच्या मशीननंतर मधे दोन दिवस जातात, म्हणून सोमवार माझा सगळ्यात वाईट. जीभ टाळ्याला चिकटते. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं पाणी ठरवून दिलंय, तेवढं सकाळी छोट्या बाटलीत भरायचं आणि दिवसभर पुरवायचं. वन्सं बघत होत्या मी झाकणाने कशी पिते ते. म्हणाल्या, "चिमणी तरी बरी." आता दिवसभर चिमणेच म्हणताहेत. आणि समोर बघावं तर पाणीच पाणी! देवाला पण विनोद सुचतो.

जिना उभा आहे, पायऱ्या अरुंद. संध्याकाळी वन्सं वरून तिसऱ्या पायरीवर घसरल्या, कठड्याला धरून सावरल्या. मी धावले. "लागलं का?" विचारलं. पण त्याआधी, अगदी आधी, मनात आलं – किडनीला काही झालं नाही ना. आधी किडनी! मग वन्सं! मला स्वतःचीच किळस आली. वन्संना म्हणून सांगायची सोय नाही, सांगितलं तर हसत सुटतील.

वारा फार आहे, आज बोटी सुटल्याच नाहीत. आम्हाला बुधवारची जागा मिळाली. माझं मशीन सांभाळून बुधवारच बरा.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

परक्या गावात मशीनवर बसले. ह्यांनी महिनाभर फोन करकरून ही जागा मिळवली. कुणाकुणाच्या विनवण्या केल्या असतील, मला एका शब्दाने बोलले नाहीत. नर्सने पहिल्याच टोचणीत शीर पकडली. हात असा हलका, की मला रडूच आलं. तिला वाटलं दुखलं. "नाही हो, दुखलं नाही म्हणूनच," मी म्हटलं.

कशाला आलात विचारलं तिने. देवमासा बघायला, म्हटल्यावर कपाळाला हात लावला – "मी इथलीच, जन्म गेला, अजून शेपूटसुद्धा बघितलं नाही! सुट्टी असते तेव्हा कोण बोटीत बसतंय, मी झोपते."

शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं. "कसा दिसतो ते मला गुरुवारी येऊन सांगा," म्हणाले. "मला बोटीत बसायची परवानगी नाही. मुलगी सोडत नाही." दात स्वतःचे! ह्या वयात! मी कौतुकाने बघतच राहिले.

वन्सं तेवढ्या वेळात गाव फिरून एक भलीमोठी टोपी घेऊन आल्या. मला. मी घालून बघितली तर कानांवर येऊन अडकली, म्हणून त्यांनीच ठेवली.

बुधवार, ७ ऑक्टोबर

काय दिवस! कुठून सुरुवात करू?

सकाळी धक्क्यावर. बोट पांढरी, वर बाकं, खाली काचेची खोली. कॅप्टन जाडजूड, वरचे पुढचे चार दात कुणीतरी घाईत करून दिलेत, रंग जुळलेला नाही. भोंगा घेतलेली एक मुलगी माहिती सांगत होती. बोटीचं टोक म्हणजे घड्याळातले बारा, म्हणून तीन म्हटलं की उजवीकडे बघायचं, नऊ म्हटलं की डावीकडे. वन्संना हे फार आवडलं. "माझ्या पोरांना असंच शिकवायला पाहिजे. डावं-उजवं कळत नाही मेल्यांना." मग कॅप्टनला विचारून आल्या, "मागचं बघायला आरसे नाहीत का हो ह्याला?" कॅप्टन म्हणाला, "बाई, मागून कोण येणार?" वन्सं म्हणाल्या, "देवमासा!" सगळी बोट हसली.

मुलगी सांगत होती की इथला देवमासा बिनदाताचा. तोंडात केसांची झालर असते, तिच्यातून पाणी गाळून बारीक जीव खातो. म्हणजे एवढा मोठा जबडा आणि आमच्या धंद्याला गिऱ्हाईक नाही!

उलटी होऊ नये म्हणून सगळ्यांना गोळी देत होते. मी माझ्या डॉक्टरांना आधीच विचारून घेतली होती. वन्संनी हात झटकला. "मी रोज दिवसभर गाडीत असते. मला काय लागणार?" पण गाडीत त्यांच्या पायाखाली ब्रेक असतो. इथे लाटेवर बोट वर गेली की त्यांचा पाय खाली, बोट खाली आली की पाय खाली – आणि बोट काही ऐकेना! अर्ध्या तासात चेहरा पांढराफटक. मग काय, कठड्यावर वाकल्या त्या वाकल्याच. आतलं सगळं बाहेर. टोपी वाचली तेवढंच.

मी एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हाताने पिशवीतून बाटली काढली. माझी. दिवसाची. त्यांचं तोंड धुतलं, चूळ भरायला दिली, रुमाल भिजवून मानेवर ठेवला, हात धुतले. बाटली रिकामी. आणि ती उलटी धरून शेवटचा थेंब पडताना बघितला. सकाळचे दहासुद्धा वाजले नाहीत – आता उद्यापर्यंत काय? मनात म्हटलं, असू दे. ज्या बाईने किडनी द्यायला काढली तिला मी दिवसाचं पाणी देऊ शकत नाही का? अगदी हुतात्मा झाल्यासारखी त्यांच्याशेजारी बसले, ओठ मिटून.

वन्संना जरा बरं वाटलं. माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. "अगं, हे तुझं पाणी होतं?"

"असू दे हो. मी उद्यापर्यंत राहीन."

"कशाची राहशील?"

"पाण्याशिवाय."

वन्संनी रिकामी बाटली हातात घेऊन हलवली. मग म्हणाल्या, "चिमणे, तू ते प्यायलीस का?"

"नाही."

"मग तुझं पाणी शिल्लकच आहे की! खाली नळ आहे, भरून आण. पाणी कुठे संपलंय? तुला प्यायची परवानगी मोजून आहे, पाणी मोजून नाही!"

एक क्षण मला कळेचना. आणि मग कळलं. अरे देवा! वर्षभर बाटलीतल्या रेघेकडे बघून बघून माझं डोकंच फिरलंय – मला वाटायला लागलंय की जगात पाणी तेवढंच आहे, त्या रेघेपर्यंत! मला जे हसू फुटलं ते आवरेना. वन्संना पण. त्या आधीच पोटाने रिकाम्या, हसताना कळ यायची की पुन्हा कठडा धरायच्या, पुन्हा हसायच्या. "हुतात्मा!" म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. आम्ही दोघी बाकावरून खाली बसलो, अक्षरशः जमिनीवर, एकमेकींच्या गळ्यात पडून. इतकं मी आजारी पडल्यापासून हसले नव्हते. आधीही हसले होते की नाही, आठवत नाही.

आणि तेवढ्यात भोंगा – "तीन वाजता! तीन वाजता!" सगळी बोट उजवीकडे धावली. बूटच बूट. आम्हाला उठता येईना. वन्संनी माझा हात ओढला, मी त्यांचा ओढला, दोघी पुन्हा खाली. माणसांचं "ओऽऽह" ऐकू आलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आम्ही उभ्या राहून पोचलो तेव्हा पाण्यावर एक गुळगुळीत गोल डाग होता, तेल सांडल्यासारखा. मुलगी म्हणाली, हा त्याच्या शेपटीचा ठसा. गेला!

त्यानंतर दिसला नाही. सगळ्यांनी बघितला, आम्ही दोघी सोडून. एका गृहस्थांनी फोनवर फोटो दाखवला. काळं काहीतरी. वन्संनी नीट बघून सांगितलं, "हे टायर वाटतंय."

खाली जाऊन नळावर बाटली भरली. रेघेपर्यंत. झाकणाने प्यायले. असं गोड पाणी!

गुरुवार, ८ ऑक्टोबर

सकाळी वन्सं धक्क्यावर भांडून आल्या. बोटीचा नियम आहे, देवमासा दिसला नाही तर दुसऱ्या फेरीला फुकट नेतात. कॅप्टन म्हणाला, दिसला की सगळ्यांना. वन्सं म्हणाल्या, आम्हाला नाही. "मग तुम्ही काय करत होतात?" "हसत होतो." म्हणे त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, उद्या पहिल्या फेरीला या, आणि ह्या वेळी गोळी घ्या.

मशीनवर आजोबा वाट बघत होते. त्यांना सगळं सांगितलं, बाटलीसकट. बाटलीचं कळल्यावर ते इतके हसले की त्यांचं मशीन वाजायला लागलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. शेजारची, पलीकडची, सगळ्या खुर्च्या हसत होत्या. नर्सने दम भरला. मला वाटतं, त्या खोलीच्या बाहेर हा विनोद कुणाला एवढा कळणार नाही.

आज तिने वन्संना आत येऊ दिलं. वन्संनी मशीनवर मला कधी बघितलंच नव्हतं. घरी हेच सोडतात, हेच आणतात. त्या आल्या, स्टुलावर बसल्या, आणि गप्प. वन्सं गप्प! त्या नळ्यांतून माझं रक्त जाताना बघत होत्या, येताना बघत होत्या. मी म्हटलं, हाताला कान लावून बघा, मशीनसाठी ऑपरेशन करून जोडलेली ती शीर आत आवाज करते. त्यांनी कान लावला. मला वाटलं काहीतरी बोलतील, इंजिन चालू राहिलंय वगैरे. कान लावून तशाच बसल्या. उठल्या तेव्हा नर्सला म्हणाल्या, "बाथरूम कुठे आहे?" आणि खूप वेळ आल्या नाहीत. नर्सने मला हळूच सांगितलं, "रडताहेत त्या. मी पाणी नेऊन दिलं."

दुपारपासून तेच डोक्यात आहे. त्या धडधाकट आहेत. एक गोळी चालू नाही. जिने चढतात, दिवसभर पोरांवर ओरडतात, भूक लागली की जेवतात आणि पडल्या की झोपतात. अशा बाईला मी कापायला लावायचं? कशासाठी? मला पोटभर पाणी प्यायचंय म्हणून? मला किडनी हवीये. खोटं कशाला लिहू, इतकी हवीये की रात्री हाताची ती शीर वाजते तेव्हा मी तारखा ठरवते. पण हवी म्हणून घ्यायची का? उद्या काही बरंवाईट झालं त्यांना, तर मी ह्यांना तोंड कसं दाखवू? आरशात तरी कसं बघू?

ठरलं. उद्या बोटीवर सांगायचं. रिपोर्ट चांगला आला तरी नको.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आज समुद्र शहाण्यासारखा वागला. ऊन होतं. वन्संनी गोळी घेतली, कॅप्टनला दाखवून घेतली. आम्ही अगदी पुढे, बाराच्या टोकाला उभ्या.

बराच वेळ काही नाही. पाणी आणि पाणी. मी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्यांदा म्हटलं, "वन्सं, रिपोर्ट चांगला आला तरी राहू दे. मशीन आहे. चाललंय माझं."

त्यांनी समुद्रावरची नजर काढली नाही. "काल बघितलं मी, कसं चाललंय ते."

"तुम्हाला काही झालं तर?"

"झालं तर झालं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते तर! मी काय दगड आहे? सुई बघितली तरी माझे पाय गार पडतात. रक्त घ्यायचे तेव्हा मी डोळे मिटून पाढे म्हणायचे." मग म्हणाल्या, "शिकाऊ पोरगं समोरच्या ट्रककडे निघालं की मला दर वेळी भीती वाटते. इतकी वर्षं झाली, तरी वाटते. म्हणून काय ब्रेकवर पाय ठेवायचा नाही?"

मी म्हटलं, पण माझ्यासाठी एवढं—

"तुझ्यासाठी?" आता वळल्या. "तुला काय वाटतं, मी तुझ्यासाठी करतेय? माझ्या भावाला अंडं उकडता येत नाही. तुझं काही झालं तर तो बॅग घेऊन माझ्या दारात येईल. रोज सकाळी माझे मोजे कुठे, माझा चष्मा कुठे! मला नाही झेपणार!"

मला हसूही आलं, रडूही आलं. मी नाक पुसत होते. त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या, टोपी घट्ट केली, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "रोज रात्री फोन करून 'जेवलात का' विचारणारं मला कोण आहे दुसरं? आई गेल्यापासून तूच विचारतेस. मशीनवरून घरी आलीस, उभं राहवत नाही, तरी विचारतेस. मला ते हवंय. मी माझ्यासाठी करतेय. आता नाटकं पुरे, समोर बघ."

इतकी वर्षं मी तो फोन सवयीने करत होते. भाजी गॅसवर असते, एका हातात डाव, एका हातात फोन. "जेवलात का? बरं, ठेवते." त्याला कुणी असं जपून ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि मग तो आला! भोंगा नाही, तीन नाही, नऊ नाही. आमच्यासमोर, अगदी जवळ, ट्रकने हवा सोडावी तसा आवाज झाला – फूऽऽस! – आणि पाण्याचा उंच फवारा. तो वाऱ्याने आमच्या तोंडावर. आणि वास! सडक्या मासळीचा, असा भयंकर की मागच्या माणसाने "शी!" केलं. मग पाठ आली. येतच राहिली. वाटायचं आता संपेल, तर अजून आहेच. काळी, ओली, ओरखडे पडलेली, वर शिंपले चिकटलेले. काही घाई नव्हती त्याला. त्याने पुन्हा श्वास घेतला. एवढं मोठं जनावर, आणि करत काय होतं, तर नुसता श्वास घेत होतं. आणि आम्ही इतकी माणसं हातचं सोडून ते बघत होतो. मला वाटलं, हो, बरोबर आहे, हेच बघण्यासारखं आहे.

मग पाठ वाकली, शेपूट वर आलं, पाणी गळत, सावकाश, आणि आत गेलं. आवाजसुद्धा नाही.

मी मोठ्याने म्हणाले, "थँक्यू!" वन्संनी झटकन वळून बघितलं.

"माशाला म्हणाले," मी सांगितलं.

"तो मासा नाही. ती मुलगी परवापासून सांगतेय." पण त्यांचेही डोळे भरलेले होते, आणि पाय – मी बघितलं – पाय खाली दाबलेला, ब्रेकवर. मग पदराने नाही, टोपीनेच तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "झालं. बघितलं. आता कापा म्हणावं."

मी घेणार. आता नाही म्हणणार नाही. घेणार, आणि नीट सांभाळणार.

शनिवार, १० ऑक्टोबर

मशीन. आजोबांना सगळं सांगितलं, वासासकट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. नर्स म्हणाली, पुढच्या सुट्टीला जाते म्हणजे जातेच. निघताना तिने मला मिठी मारली. आठवडाभराची ओळख! माणसं किती चांगली असतात, आणि मला किती भेटली ह्या वर्षात. आजार नसता तर ह्यातलं कोण भेटलं असतं?

मालकीणबाईंनी शेवटी ओळखलं की मी रुसलेली नव्हते. बर्फाचे दोन तुकडे बशीत घालून आणले. "हे चालतं ना? मी विचारून आले."

रविवार, ११ ऑक्टोबर

घरी. ह्यांनी आम्ही गेल्यापासून एकच भांडं वापरलंय, तेच धुवायचं, तेच वापरायचं. बाकी घर जसंच्या तसं. देवमाशाचं सांगायला लागले तर हे मध्येच म्हणतात, "तुझा चेहरा किती छान दिसतोय." मग काय सांगणार पुढे?

रात्री वन्संना फोन केला. जेवल्या होत्या.

सोमवार, १२ ऑक्टोबर

हॉस्पिटलमधून फोन. उद्या या, दोघी या. तारीख द्यायची असेल. मी विचारलं, रिपोर्ट चांगला आहे ना? ती मुलगी म्हणाली, डॉक्टरच बोलतील. आवाज नेहमीचा नव्हता. की मला उगाच वाटतंय? वन्सं म्हणताहेत, उगाच.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

वन्संच्या डाव्या किडनीवर गाठ आहे. सुपारीएवढी, आणि चांगली नाही. त्यांना काही दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास सुरू होईपर्यंत फार उशीर झाला असता. आत्ता सापडलीये, ती किडनी काढली की बऱ्या होतील. मी तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाले.

मला आता किडनी मिळणार नाही. वन्सं बाहेर येऊन माझे हात धरून रडत होत्या, "तुझं कसं होणार गं?" म्हणून. आणि मी डॉक्टरांच्या दारात उभी राहून देवाचे आभार मानत होते. मला किडनी लागली नसती तर वन्सं तो स्कॅन करायला गेल्या असत्या का?

बरं झालं मी आजारी पडले.